जोडकामाला एआय घेतेस, तर आधी हे वाच

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप वाचला. पगार घरभाड्यात आणि भावाच्या फीमध्ये संपतो, रात्री जेवणं झाल्यावर दोनेक तास हाताशी असतात, आणि एआयकडून लिहून घेऊन लोक महिन्याला लाख-लाख कमावतात असं कुठल्याशा व्हिडिओत पाहिलंस. आपल्याला जमेल का, असं विचारतेस. जमेल. मराठीत हे काम भरपूर आहे आणि नीट करणारी माणसं फार थोडी आहेत. मात्र त्या व्हिडिओतलं काम वेगळं आणि मी म्हणते ते वेगळं, म्हणून सविस्तर लिहिते.

चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ ला सगळ्यांसाठी खुलं झालं. त्याआधी सातशे शब्दांचा लेख लिहायला माझी अख्खी दुपार जायची आणि पैसे त्या दुपारचे मिळायचे. आता तेवढा मजकूर चहा गाळेपर्यंत तयार होतो. पण जे ॲप तुझ्या फोनमध्ये आहे तेच गिऱ्हाइकाच्या फोनमध्येही फुकट आहे. मग त्याने तुला पैसे का द्यावेत? काम शोधायला लागण्याआधी या प्रश्नाचं उत्तर तुझ्याकडे हवं. माझं उत्तर असं आहे: त्या धंद्यातलं खरं काय आणि खोटं काय हे ओळखणारं, आणि छापून गेलेल्या ओळीची जबाबदारी घेणारं माणूस त्याला हवं असतं. पैसे त्याचे मिळतात. मजकुराला आता फारशी किंमत उरलेली नाही.

परवा मी मुद्दाम तुझ्या मामांचं उदाहरण घेऊन बघितलं, रत्नागिरीजवळच्या पावस गावी आंब्याची बाग असलेल्या. ‘रत्नागिरी हापूस थेट बागेतून विकणाऱ्या बागायतदारासाठी व्हॉट्सॲपवर टाकायला मराठीत माहिती लिही’, एवढंच यंत्राला, म्हणजे एआयला, सांगितलं. पहिलंच वाक्य आलं, ‘हापूस हा केवळ आंबा नाही, ती एक भावना आहे.’ पुढे निसर्गाची कुशी आली, कोकणची लाल माती आली, ‘१०० टक्के सेंद्रिय’ आलं, ‘मधुमेही व्यक्तीही निर्धास्तपणे आस्वाद घेऊ शकतात’ आलं, मधेच ‘रत्नागिरी जिल्ह्यातील देवगड’ आलं, आणि शेवटी ‘आम्ही ग्राहकांचे समाधान सुनिश्चित करतो’.

आता हे तुझ्या डोळ्यांनी वाच. देवगड सिंधुदुर्गात आहे, हे तुमच्याकडे शाळकरी पोरही सांगेल. मामांच्या बागेत मोहोराला तुडतुड्यांसाठी फवारणी होते, हे तूच मला सांगितलं होतंस. म्हणजे ‘सेंद्रिय’ हे सरळसरळ खोटं. फवारणी नसती, तरी प्रमाणपत्र दाखवा म्हणणारं गिऱ्हाईक आज पुण्या-मुंबईत हमखास भेटतं. मधुमेहाचं वाक्य तर घातकच. खाण्याच्या वस्तूबद्दल आरोग्याचे दावे कसे करायचे याचे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे २०१८ चे नियम आहेत, आणि नियम बाजूला ठेवले तरी ते वाचून कुणाच्या आजोबांनी दोन फळं जास्त खाल्ली तर? भौगोलिक मानांकन, म्हणजे ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव लावायचा हक्क, त्याचंही तसंच. हापूसला ते २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी मिळालं, पण ते नाव नि चिन्ह वापरायचं तर बागायतदाराने स्वतःची नोंदणी केलेली असावी लागते. मामांनी केली आहे का? यंत्राला हे ठाऊक असायचं कारण नाही. विचारायचं तू.

यंत्र असं का करतं, ते थोडक्यात सांगते. लाखो मजकूर वाचून कुठल्या शब्दानंतर बहुधा कुठला शब्द येतो, हे ते शिकलेलं असतं. आंब्याच्या जाहिरातींत ‘सेंद्रिय’ सतत येतं, म्हणून त्यानेही घातलं. मामांची बाग त्याने पाहिलेली नाही आणि खोटं बोलायचा त्याचा इरादाही नाही. जे सर्रास असतं ते फार छान जुळवतं. मामांच्या मालाचं जे खास, ते त्या सर्रासमध्ये नसतं.

आणि काय राहिलं ते बघ. गिऱ्हाईक आधी काय विचारतं? साका, म्हणजे आतून पांढरट, स्पंजासारखा खराब झालेला गर, निघाला तर फळ बदलून देणार का? अढीत, म्हणजे पेंढ्यात घालून, पिकवलेला आंबा की पावडर लावून पिकवलेला? पेटीत चार डझन की पाच, आणि फळ साधारण किती ग्रॅमचं? पोचल्यावर किती दिवसांनी खाण्याजोगा होईल, तोवर पेंढ्यातच ठेवायचा की बाहेर काढायचा? पुण्याला एसटीने येतो की ट्रॅव्हल्सने, आणि पेटी उचलायला कुठे जायचं? यंत्राच्या त्या गुळगुळीत पानभर मजकुरात यातलं एकही उत्तर नव्हतं, ‘साका’ हा शब्दही नव्हता. हे सगळं तुला लहानपणापासून ठाऊक आहे. तुझं भांडवल ते. म्हणून म्हणते, काम शोधायला परदेशी संकेतस्थळांवर जगभरच्या लोकांशी दराची चढाओढ करत बसू नकोस. ज्या दोनतीन गोष्टी तुला आतून कळतात, तिथूनच सुरू कर.

तुला आतून कळणारी दुसरी गोष्ट म्हणजे हिशेब, कारण ऑफिसात करांचं काम तू रोजच करतेस. २०२३ च्या सुरुवातीला सीनेट या अमेरिकेतल्या नावाजलेल्या संकेतस्थळाने पैशापाण्यावरचे ७७ लेख यंत्राकडून लिहून घेतल्याचं उघड झालं, आणि त्यातल्या ४१ लेखांत त्यांना दुरुस्त्या छापाव्या लागल्या. एका लेखात म्हटलं होतं की १०,००० डॉलर ३ टक्के व्याजाने ठेवले तर वर्षाअखेरीस १०,३०० डॉलर कमाई होईल. तू हे वाचताक्षणी म्हणशील, कमाई ३०० ची, बाकीचं मुद्दल. तेवढं कळायला जे लागतं ते तुझ्यापाशी आहे. छोट्या दुकानदाराला जीएसटीची नोटीस सोप्या मराठीत समजावून हवी असते, गृहनिर्माण संस्थेच्या सचिवाला वार्षिक सभेची विषयपत्रिका आणि इतिवृत्त वेळेत हवं असतं, बचत गटाला बँकेपुढे ठेवायला प्रकल्पाची माहिती हवी असते. ही सगळी माणसं तुझ्या ऑफिसच्या चार गल्ल्यांत आहेत, आणि त्यांना लिहायचा कंटाळा आहे.

यंत्र कुठे वापरायचं म्हणशील, तर मी असं करते. आधी माणसाशी बोलते, परवानगी घेऊन फोनवर ध्वनिमुद्रण करते. त्याचं टिपण होतं, विस्कळीत, अर्धवट वाक्यांचं. ते टिपण यंत्राला देते आणि बजावते की याबाहेरचं काहीही घालायचं नाही, कमी पडेल तिथे प्रश्न विचार. हा प्रश्न विचारायला लावण्याचा भाग फार उपयोगी आहे. कधी कधी आपल्या डोक्यातून सुटलेलं बरोबर तिथे सापडतं. लांबण छाटायला, एकाच मजकुराचे तीन लहान-मोठे अवतार करायला, बंगळुरूच्या गिऱ्हाइकासाठी इंग्रजी करायला ते उत्तम. मग मसुदा कागदावर छापून पेन्सिल घेऊन बसायचं. जिथे नाव, आकडा, जागा, तारीख किंवा दावा असेल, तिथे समासात लिहायचं की हे कुणी सांगितलं. ज्या ओळीपुढे लिहायला काही सापडत नाही, ती ओळ गेली. मसुदा कितीही गोड असो, यात सूट नाही.

त्यानंतर मोठ्याने वाच. मराठीत यंत्र हिंदीच्या आणि इंग्रजीच्या वळणावर घसरतं, ते कानाला लगेच कळतं. ‘सेवा प्रदान करतो’, ‘सुनिश्चित करा’, ‘महत्त्वपूर्ण भूमिका बजावते’ असं रत्नागिरीच्या बाजारात कोण बोलतं? तिथे ‘पेटी उघडल्यावर आधी फळं मोकळी करून ठेवा’ असं बोलतात, तेच लिही. शुद्धलेखनाचे मराठी साहित्य महामंडळाचे अठराच नियम आहेत. एकदा मन लावून वाचून काढ, आयुष्यभर पुरतील.

तपासलं नाही तर काय होतं, तेही सांगते, कारण फ्रीलान्स, म्हणजे नोकरीवर नसताना सुटी कामं घेणाऱ्या, माणसाला दुसरी संधी सहसा मिळत नाही. मे २०२५ मध्ये शिकागो सन-टाइम्स या दैनिकाच्या पुरवणीत उन्हाळ्यात वाचायच्या १५ पुस्तकांची यादी आली. त्यातली १० पुस्तकं कुणी लिहिलेलीच नव्हती. लेखकांची नावं खरी, पुस्तकं यंत्राने रचलेली. मजकूर बाहेरून एका फ्रीलान्सरकडून आला होता. त्याने एआय वापरलं आणि एकही नाव शोधून पाहिलं नाही. पंधरा नावं शोधायला किती वेळ लागला असता? ज्यांनी तो मजकूर विश्वासाने छापला, त्या सगळ्यांना जाहीर खुलासे करावे लागले. म्हणून गिऱ्हाइकाला पहिल्याच दिवशी सांगून टाक: मसुद्यासाठी मी एआय वापरते, माहिती तुमच्याकडून घेते आणि प्रत्येक ओळ मी तपासते. यावर कुणी नाही म्हणालं तर त्याचं काम यंत्राशिवाय कर किंवा सोड. लपवाछपवी मात्र नको.

व्हिडिओवाले सांगतात ते ब्लॉगचे आणि ई-पुस्तकांचे कारखाने तू काढू नकोस, हे मी कळकळीने सांगते. गुगलने मार्च २०२४ मध्येच धोरण केलं की शोधात वर येण्यासाठी घाऊक मजकूर ओतणं, मग तो यंत्राने लिहिलेला असो की माणसाने, हा स्पॅम आहे. ॲमेझॉनच्या किंडलवर २०२३ पासून एआयने तयार केलेला मजकूर असेल तर तसं त्यांना कळवावं लागतं, आणि दिवसाला पुस्तकं टाकण्यावरही मर्यादा आली. तिथे कमाई बहुतेक वेळा कोर्स विकणाऱ्याची होते. कोर्सला एक रुपया घालू नकोस. ॲपचं सशुल्क सदस्यत्वही कामाचे पैसे हातात आल्यावर, त्या पैशातूनच घे.

काही कामं चालून येतील आणि पैसे रोख, लगेच मिळतील. बी.एड.च्या पोरांचे प्रकल्प, कुणाचा पीएच.डी.चा प्रबंध, हॉटेलाला खोटे पंचतारांकित अभिप्राय. ही नाकारायची. जी मुलगी स्वतः रात्री जागून परीक्षा देते तिच्यावर यात अन्याय होतो, आणि तू तशीच शिकलेली आहेस. ‘घरबसल्या टायपिंग, आधी नोंदणी फी भरा’ किंवा ‘तुमच्या कामात चुका निघाल्या, दंड भरा नाहीतर वकिलाची नोटीस येईल’ असं कुणी म्हणालं तर ती फसवणूक समज. पैसे गेलेच तर रडत न बसता ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला फोन लाव. जितक्या लवकर कळवशील तितकी रक्कम अडवायची शक्यता जास्त.

आता दर. शब्दावर दर लावू नकोस. शब्द स्वस्त झाले, उद्या आणखी होतील. अख्ख्या कामाची एक रक्कम सांग. मामांसारख्या बागायतदाराला हंगामाचं पूर्ण काम करून दे: जुन्या गिऱ्हाइकांना मार्चमध्ये जाणारा निरोप, दरपत्रक, पेटीत टाकायची चिठ्ठी, नेहमीच्या प्रश्नांची तयार उत्तरं, मेअखेर हंगाम संपल्याचा निरोप. बोलणं, लिहिणं, तपासणं, दोनदा बदल करणं असे बारा तास धर, ताशी तीनशे लाव, ३,६०० होतात. निम्मे आधी, निम्मे काम दिल्यावर, आणि बदल किती वेळा करून मिळतील हे व्हॉट्सॲपवर का होईना लिहून घे. मामांना सूट द्यायची असेल तर दे, पण पूर्ण रक्कम लिहून मग सूट दाखव, नाहीतर पुढचा बागायतदार तुझा दर सूट दिलेलाच धरेल.

करांचं तुला मी काय सांगणार, तुझं रोजचंच काम ते. फक्त या पैशाला वेगळं खातं ठेव आणि विवरणपत्रात दाखव.

नोकरीचं मात्र नीट बघ. तुझं नेमणूकपत्र काढून वाच. बाहेरचं काम करायला मनाई किंवा पूर्वपरवानगीची अट अनेक पत्रांत असते. असेल तर साहेबांना स्पष्ट विचार, आणि उत्तर लेखी घे. ऑफिसचा लॅपटॉप, ऑफिसचा वेळ यासाठी वापरायचा नाही. ऑफिसच्या कुठल्याही पक्षकाराचा आकडा, पॅन, नोटीस कधीही या ॲपमध्ये चिकटवायची नाही. ‘फक्त भाषा सुधारायला’ म्हणूनसुद्धा नाही. तुझ्या स्वतःच्या गिऱ्हाइकांच्या फोन नंबरांच्या याद्याही नाहीत. ॲपच्या सेटिंगमध्ये आपल्या संभाषणावर यंत्राला प्रशिक्षण द्यायची परवानगी देणारं बटण असतं, ते आजच बंद कर.

आठवड्याला तीन रात्रींपेक्षा जास्त घेऊ नकोस. दमलेल्या डोळ्यांना ‘रत्नागिरी जिल्ह्यातील देवगड’ दिसतं, पण त्यातली चूक सुटते.

रविवारी पावसला जाशील तेव्हा मामांना एवढं विचारून ये: मानांकनाची नोंदणी आहे का, गेल्या हंगामात तक्रारी कशाकशाच्या आल्या, साका निघालेल्या फळाचं ते काय करतात, पेटी कुठल्या गाडीने जाते आणि भाडं कोण भरतं, आणि मामींना गिऱ्हाइकांचे फोन आले की त्या काय सांगतात. मामींचं उत्तर शब्दशः उतरवून घे. मसुदा झाला की समासातल्या पेन्सिलीच्या खुणांसकट फोटो काढून मला पाठव, मामांना त्यानंतर.

तुझी,
मावशी