आधी माती बघा, मग वाट

पाऊस उघडला की माळावर सायकल घालायची हुरहुर सगळ्यांनाच लागते आणि पत्रंही तशीच येतात. त्यातली ही काही.

मी छत्रपती संभाजीनगरला राहतो. दोन वर्षं डांबरी रस्त्यावर सायकल चालवली, आता जाड टायरची माउंटन बाइक घेतली आहे. माळरानावरची पहिली वाट कुठली धरू?

शूलिभंजन. खुलताबादच्या वरचं हे पठार, जिथं एकनाथ महाराजांनी तप केलं असं सांगतात. वर दत्ताचं देऊळ आहे आणि भोवती मुरूम, खडक, गवत असा मोकळा माळ. शहरापासून खुलताबाद पंचवीसेक किलोमीटर. पण पहिल्या खेपेला हे अंतर सायकलवर कापू नका. दौलताबादचा घाट चढून, पर्यटकांच्या गाड्या चुकवत तुम्ही पोचाल तेव्हा पायात माळासाठी काही उरणार नाही. सायकल गाडीवर टाकून खुलताबादला या. यात कमीपणा कसला? आपल्याला डांबर नव्हे, मुरूम शिकायचाय.

मुरमाची एक खोड आधीच सांगतो. सुका मुरूम म्हणजे फरशीवर सांडलेली ज्वारी. वळणावर पुढचा ब्रेक दाबलात की पुढचं चाक निसटतं आणि खांदा आधी टेकतो. वेग वळणाच्या अलीकडेच कमी करा, वळताना ब्रेकवरची बोटं सैल ठेवा. उतारावर बूड सीटच्या मागे न्या, गुडघे वाकवा, आणि नजर चाकाखालच्या दगडावर न ठेवता पाच-सहा हात पुढे ठेवा. ज्या दगडाकडे बघाल त्याच दगडावर जाल.

हे चार-पाच वेळा झालं की म्हैसमाळ. खुलताबादहून बारा किलोमीटरच्या आसपास. शहर साधारण ५७० मीटर उंचीवर आणि म्हैसमाळ हजाराच्या वर, म्हणजे चढ कमी नाही. श्रावणातल्या रविवारी मात्र तिकडे फिरकू नका. कणसं भाजणाऱ्यांची आणि सेल्फी काढणाऱ्यांची इतकी दाटी असते की सायकल डोक्यावर घेऊन चालावं लागेल.

आम्ही चौघे मित्र पैठणचे. नाथसागराला काठाकाठानं एका दिवसात फेरी मारायची आहे. नकाशात वाट दिसते, पण गावातले लोक हसतात.

हसणाऱ्यांचं बरोबर आहे. नाथसागर म्हणजे जायकवाडी धरणाचं पाणी, त्याचा फुगवटा पन्नासेक किलोमीटर लांब पसरतो आणि पाण्याखालचं क्षेत्र सुमारे ३५० चौरस किलोमीटर आहे. काठाला लागून पूर्ण फिरणारी वाट नाही, आणि राहणारही नाही. कारण काठच एका जागी थांबत नाही.

धरणाची पूर्ण पातळी १५२२ फूट. आपल्याकडे भिंतीपेक्षा या आकड्याचीच चर्चा जास्त होते, पारावर बसलेला म्हाताराही आज किती फूट भरलं ते सांगेल. आजूबाजूची जमीन इतकी सपाट आहे की पाणी थोडे फूट उतरलं तरी काठ कुठल्या कुठे सरकतो. तुम्ही नकाशात पाहिलेली वाट उन्हाळ्यातल्या उपग्रह चित्रातली असणार. ऑक्टोबरात तिथं मासेमारांच्या होड्या असतात.

पाणी हटलं की मागे राहते ती गाळपेर. वरून कोरडी, भेगाळलेली, नुसती चाक टाकण्यासारखी दिसते. टाकू नका. वरची खपली दोन बोटं जाड असते आणि खाली लोण्यासारखा गाळ. शिवाय त्या गाळपेरीत कुणाचा तरी हरभरा असतो. कोंब अजून दिसत नसले तरी पेरलेलं असतं. टायरची एक रेघ म्हणजे कुणाची तरी मोडलेली सरी.

तेव्हा फेरी करायची तर गावरस्त्यांनी करा आणि दोन दिवस धरा. पैठण, शेवगाव, नेवासा, प्रवरासंगम, कायगाव, आणि बिडकीनवरून परत. अधूनमधून पाण्याकडे जाणाऱ्या गाडीवाटा लागतील, तिथं आत शिरा, बसा, परत या. धरणाच्या भिंतीवर परवानगीशिवाय सायकल नेऊ नका. हा सगळा जलाशय १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, हेही ध्यानात असू द्या. हिवाळ्यात रोहित उथळ पाण्यात उभे असतात. लांबून ते दिसले की उतरून पायी चला. पाखरं माणसापेक्षा धावत्या सायकलला लवकर बुजतात, हा माझा अनुभव.

लातूरकडे आमच्या शिवारातल्या पाणंदीनं पावसानंतर गेलो. अर्ध्या किलोमीटरमध्ये चाकं फिरायचीच बंद झाली. सायकलमध्ये दोष आहे का?

दोष सायकलचा नाही, तुमच्या काळ्या रानाचा आहे, आणि तोच त्याचा गुण. या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते, सुकली की भेगाळते. कापूस-सोयाबीनला हे मानवतं. चाकाला मात्र ती थरावर थर बसते, मग त्यावर काडीकचरा चिकटतो आणि टायर व चिमट्यामधली फट बुजते.

अशा वेळी पायंडलवर जोर लावायचा मोह होतो. मी मांजरा धरणाच्या मागच्या अंगाला एकदा हेच केलं. चिखलाचा गोळा डिरेलरमध्ये, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणाऱ्या भागात, ओढला गेला, कट असा आवाज आला आणि तो ज्याला टांगलेला असतो तो हँगर मोडला. सायकल खांद्यावर घेऊन सहा किलोमीटर चाललो. चिखलासकट तिचं वजन किती झालं होतं ते खांद्यालाच ठाऊक. डांबरी लागल्यावर एका ट्रॅक्टरवाल्यानं ट्रॉलीत घेतलं आणि रस्ताभर एकच प्रश्न विचारला, "पण ही घेतली कितीला?" आकडा मी निम्मा करून सांगितला, तरी त्यानं कपाळाला हात लावला.

तेव्हा चाक जड लागलं की तिथंच उतरा. बाभळीची काडी घेऊन चिमटा आणि डिरेलर मोकळे करा, मग वाटेच्या कडेच्या गवतावरून ढकलत न्या. सायकलला बसणारा हँगर सुटा विकत घेऊन पिशवीत ठेवा, प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो. आणि मुख्य म्हणजे मोठा पाऊस झाल्यावर तीन-चार दिवस काळ्या रानात जाऊच नका. त्या दिवसांत बरड धरा. मुरमाड बरडावरचं पाणी तासाभरात निथळतं. मराठवाड्यात वाट नकाशावरून ठरवायची नसते, पायाखालच्या रंगावरून ठरवायची असते. तांबूस-करडं दिसलं की चला, काळं आणि चमकणारं दिसलं की मागे फिरा.

सराट्यांनी जीव नकोसा केला आहे. एका सकाळी तीन पंक्चर. उपाय?

ट्यूबलेस करून घ्या, दुसरा उपाय नाही. दर टायरमध्ये साधारण १०० मिली सीलंट, म्हणजे आतून भोक बुजवणारा द्रव, घाला. बाहेरदेशी पुस्तकांत ते अमुक महिने टिकतं असं लिहिलेलं असतं, आपल्या उन्हात त्यावर विसंबू नका, दर दोन महिन्यांनी टायर हलवून आत खळखळ ऐकू येते का ते पाहा. सराटा रुतलेला दिसला तर उपटा आणि भोक खाली येईल असं चाक फिरवा, सीलंट तिथं जाऊन बसतं. हवेचं म्हणाल तर सत्तर किलोच्या माणसाला २.२ इंची टायरमध्ये २५ ते २८ पीएसआय पुरे. ट्यूब असेल तर ३५च्या आसपास, नाहीतर दगडावर आपटून ट्यूब चिमटते.

वेड्या बाभळीचा काटा मात्र सीलंटलाही भारी पडतो. तो टायरमध्ये आत मोडून राहतो आणि नवी ट्यूबही फोडतो. तुमची तीन पंक्चरं बहुधा एकाच काट्याची असणार. टायरच्या आतून बोट फिरवू नका, रक्त निघेल. कापसाचा बोळा फिरवा. जिथं तंतू अडकेल तिथं काटा.

मी बीडची, वय ४६. पहाटे एकटी किंवा मुलीबरोबर जाते. बालाघाटात कुठं जावं? धनगरांच्या कुत्र्यांची भीती वाटते.

ताई, कपिलधारची बाजू आधी करा. मांजरसुंब्याचा महामार्ग घाटात टाळता आला तर टाळा, ट्रकवाले सायकल मोजत नाहीत. कपिलधारला मन्मथस्वामींची समाधी आहे, कार्तिक पौर्णिमेच्या यात्रेत गर्दी असते, एरवी शांत. पुढं हात बसला की पाटोद्याकडचं पठार आणि सौताड्याचा धबधबा. पठारावरून दरीच्या काठाशी येताना सायकल लांबच ठेवा, कडेचा खडक शेवाळलेला असतो.

कुत्र्यांचं सोपं आहे. ती मेंढरं राखतात, तुम्हाला नाही. पळणारं दिसलं की त्यांच्या लेखी लांडगाच. लांबूनच उतरा, सायकल मधे धरा, मालकाला मोठ्यानं "राम राम" घाला. माणसाचा आवाज आला की निम्मी कुत्री खाली बसतात, उरलेली मालक बसवतो. मेंढरांच्या मधून जाऊ नका, वळसा घाला.

मुलीला सराव द्यायचा तर जायकवाडीच्या कालव्याच्या कडेची वाट बरी, चढ नाही की उतार नाही. डावा कालवा २०८ किलोमीटर आणि तुमच्याकडचा उजवा १३२, म्हणजे वाट संपायची चिंता नको. एकच अट. कालव्याला पाणी सुटलेलं असेल तर हातपाय धुवायलाही खाली उतरू देऊ नका. अस्तराच्या काँक्रीटवर शेवाळ असतं, घसरलेल्याला पोहता येत असलं तरी वर चढता येत नाही.

मे महिन्यात सराव बंद ठेवावा का?

साडेआठच्या आत घरी याल तर नको. लिंबू, मीठ, साखरेचं पाणी दोन बाटल्या, आणि एक बाटली साधी, डोक्यावर ओतायला.