'नव्या नसा' नव्हे, रक्तवाहिन्यांचे फुटवे

प्रश्न असा आहे: रुग्णांसाठीच्या माहितीपत्रकात 'अँजिओजेनेसिस' (आधीच्या रक्तवाहिन्यांना नव्या फांद्या फुटणे) समजावताना "आमवाताच्या सांध्यात नवीन नसा तयार होऊन रक्तपुरवठा वाढतो" असे लिहिले तर चालेल का? आणि एकच शब्द हवा असेल तर कोणता?

'आमवात' हा शब्द तसाच ठेवा. 'संधिवात' आपण गुडघ्याच्या झिजेपासून गाउटपर्यंत सगळ्यालाच म्हणतो, त्यामानाने आमवात नेमका आहे. मात्र आयुर्वेदातला आमवात आणि रुमॅटॉइड आर्थ्रायटिस तंतोतंत एक नाहीत, म्हणून पहिल्या उल्लेखात दोन्ही नावे शेजारी द्यावीत. खरी अडचण पुढे आहे. नसा, तयार होणे आणि रक्तपुरवठा वाढणे या तिन्ही ठिकाणी वाचकाचा गैरसमज होतो.

नस म्हणजे बोलीत रक्ताची शीरही आणि मज्जातंतूही. सलाईन लावताना 'नस सापडत नाही' म्हणतात ती शीर, आणि कंबरेत 'नस दबली' म्हणतात तो मज्जातंतू. ज्याचा सांधा ठणकतो आहे, तो 'नव्या नसा' वाचून दुखण्याच्याच नसा वाढल्या असे समजणार. शीर आणि धमनी हे शब्दही इथे बसत नाहीत, कारण नव्याने येतात त्या मुख्यतः केशवाहिन्यांसारख्या बारीक नळ्या. 'रक्तवाहिनी' सगळ्यांना पुरतो. त्यातला 'रक्त' गाळू नका, नुसती 'वाहिनी' म्हटली की दूरचित्रवाणी आठवते.

'तयार होणे' हे क्रियापद चूक नाही, पण मोघम आहे. रक्तवाहिन्या दोन प्रकारे होतात. गर्भात पूर्वज पेशी एकत्र येऊन मुळात नव्हतीच अशी वाहिनी घडवतात, ते व्हॅस्क्युलोजेनेसिस. आधीच्या वाहिनीला फांदी फुटते, ते अँजिओजेनेसिस. आमवाताच्या सांध्यात मुख्यत्वे हे दुसरे घडते. ग्रीक शब्दाचा यात काही उपयोग नाही: अँजिओन म्हणजे भांडे, जेनेसिस म्हणजे उत्पत्ती. फुटण्याचा भाव त्यात कुठेच नाही. मराठीत मात्र तो आयता आहे. उसाला, भाताला येतो तो फुटवा.

हा शब्द किती चपखल आहे हे प्रक्रिया जवळून पाहिली की पटते. सांध्याचे आतले अस्तर निरोगी असताना जेमतेम एक ते तीन पेशींइतके जाड असते. आमवातात ते दहा थरांपर्यंत किंवा त्याहूनही जाड होते. एवढ्या पेशींना प्राणवायू कमी पडतो. एरवी सतत मोडले जाणारे एचआयएफ नावाचे प्रथिन मग पेशीत टिकून राहते आणि व्हीईजीएफ हा रक्तवाहिन्यांच्या वाढीचा घटक स्रवायला लावते. शिवाय टीएनएफसारखे दाह वाढवणारे रेणूही त्यात भर घालतात. त्यामुळे जवळच्या केशवाहिनीच्या भिंतीतल्या पेशी सैल होतात, भोवतालचा आधारपडदा विकरे (एन्झाइम) विरघळवतात, आणि एक पेशी पुढे येऊन बारीक तंतू पसरत जिकडे व्हीईजीएफ जास्त तिकडे सरकते. ही टोकाची पेशी. तिच्यामागच्या पेशी विभागून देठ लांबवतात, देठ पोकळ होतो, दुसऱ्या फुटव्याला जाऊन मिळतो आणि त्यातून रक्त वाहू लागते. टोक, देठ, फुटवा, एकही शब्द ओढूनताणून आणावा लागत नाही.

सगळ्यात घातक शब्दप्रयोग 'रक्तपुरवठा वाढतो' हा. मराठीत पुरवठा वाढला म्हणजे गरज भागली, बरे झाले. इथे उलट आहे. हे फुटवे कच्चे असतात. बाहेरून धरून ठेवणाऱ्या आधारपेशी अनेक ठिकाणी अपुऱ्या, भिंत गळकी. व्हीईजीएफचा शोध 1983 मध्ये लागला तोच मुळी वाहिन्या पाझरायला लावणारा घटक म्हणून. पाझरलेल्या द्रवाने सांधा सुजतो, आतला दाब वाढतो, वाहिन्या दबतात. त्यामुळे वाहिन्या जास्त आणि तरीही प्राणवायू कमी, अशी स्थिती राहते आणि आणखी फुटवे येतात. याच वाहिन्यांतून दाहाच्या पेशी सांध्यात उतरतात, आणि यांच्याच जिवावर पॅनस पोसला जातो. पॅनस म्हणजे लॅटिनमध्ये कापड. इथे ते जाड झालेले अस्तर, जे कूर्चेवर (हाडाच्या टोकावरच्या गुळगुळीत आवरणावर) पसरून तिला आणि हाडाला कुरतडते. त्याला 'पापुद्रा' म्हणू नका, पापुद्रा पातळ असतो. पॅनस हाच शब्द ठेवून एकदा समजावून सांगावा.

म्हणून वाक्य असे करावे: "आमवातात सांध्याच्या सुजलेल्या अस्तरात जुन्या रक्तवाहिन्यांना नवे फुटवे येतात, ते गळके असल्याने सूज वाढते आणि जाड होत चाललेले अस्तर पोसले जाते."

एकच शब्द हवा असेल तर 'रक्तवाहिनीजनन' लोकांना चटकन कळतो, पण वर सांगितलेले दोन प्रकार त्यात एक होऊन जातात. पाठ्यपुस्तकी लेखनात अँजिओजेनेसिसला 'रक्तवाहिनीप्ररोह' म्हणावे आणि जनन गर्भातल्या प्रक्रियेसाठी राखावे, असे माझे मत. प्ररोह म्हणजे अंकुर फुटणेच. माहितीपत्रकात मात्र फुटवेच बरे.

त्याच पत्रकात पॉवर डॉप्लर सोनोग्राफीचा उल्लेख असेल तर तिथेही क्रियापद जपा. या तपासणीत अस्तरातल्या रक्तप्रवाहाचा संकेत 0 ते 3 असा मोजतात: 0 म्हणजे संकेत नाही, 1 म्हणजे मोजके ठिपके, 2 म्हणजे त्याहून जास्त पण अस्तराच्या निम्म्या भागापर्यंत, 3 म्हणजे निम्म्याहून अधिक. 0 आले की "नव्या रक्तवाहिन्या नाहीत" असा अनुवाद होतो, तो चुकीचा आहे. तपासणीचा दांडा जरा जोरात दाबला किंवा सांधा ताणलेला राहिला, तर बारीक वाहिन्या चेपतात आणि असलेला प्रवाहही दिसत नाही. म्हणूनच जेल भरपूर लावून दांडा जवळजवळ तरंगता धरतात. "रक्तप्रवाहाचा संकेत आढळला नाही" एवढेच लिहावे.