शिक्क्यावरची तारीख धरा, एफआयआरवरची नव्हे

कोथरूडच्या एका वाचकाची 1 लाख 42 हजारांची रोड बाइक (वेगाने चालवायची सायकल) 9 मार्चच्या रात्री सोसायटीच्या पार्किंगमधून चोरीला गेली. घराच्या विमा पॉलिसीत त्यांनी सायकलीचा वेगळा विभाग घेतला होता. एफआयआर 22 मार्चला नोंदला गेला, कंपनीला ई-मेल 28 मार्चला गेला. पोलिसांना तत्काळ आणि कंपनीला 48 तासांत कळवण्याची अट मोडली, असे कारण देऊन कंपनीने 3 जूनच्या पत्राने दावा नाकारला. पैसे मिळण्याची आशा ठेवावी का, असे ते विचारतात.

ठेवावी. तुम्ही पाठवलेल्या अकरा कागदांपैकी ज्याच्यावर सगळे अवलंबून आहे, तो तुम्ही सर्वांत शेवटी आणि आडवा स्कॅन करून जोडला आहे. तुमच्या 11 मार्चच्या तक्रार अर्जाची ती झेरॉक्स. वरच्या कोपऱ्यात पोलीस ठाण्याचा जांभळा गोल शिक्का, शेजारी निळ्या पेनाने लिहिलेला आवक क्रमांक, खाली तारीख आणि आखूड सही. पत्रात तुम्ही या कागदाचा उल्लेखही केलेला नाही. कंपनीला पाठवलेल्या कागदांतही तो नाही.

कंपनीने चोरीपासून एफआयआरपर्यंत तेरा दिवस मोजले आणि ते तुमच्या माथी मारले. ती मोजणीच चुकीची आहे. चोरी 10 मार्चच्या सकाळी लक्षात आली आणि 11 तारखेला तुमचा लेखी अर्ज ठाण्यात पोचला. पुढचे अकरा दिवस पोलिसांनी घेतले. दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे पोलिसांना न्यायालयाच्या आदेशाशिवाय तपास करता येतो अशा गुन्ह्याची, माहिती मिळाली की एफआयआर नोंदवलाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2013 मध्ये ललिता कुमारी प्रकरणात स्पष्ट केले आहे. ठाण्याने ते पाळले नाही, हा तुमचा कसूर होत नाही.

कंपनीला उशिरा कळवण्याबाबत कायदा आज बराचसा विमेदाराच्या बाजूने आहे. ओम प्रकाश विरुद्ध रिलायन्स जनरल या 2017 च्या निकालात न्यायालयाने म्हटले की, गाडी गेलेला माणूस लगेच विमा कंपनीकडे धावत नाही, आधी गाडी शोधतो. पुढे 2020 मध्ये गुरशिंदर सिंग प्रकरण तीन न्यायमूर्तींसमोर आले. ट्रॅक्टर चोरीला गेला होता, एफआयआर त्याच दिवशी झाला होता, पण कंपनीला 52 दिवसांनी कळवले होते. तरीही दावा मान्य झाला. 2022 च्या जैना कन्स्ट्रक्शन प्रकरणात तर कंपनीला पाच महिन्यांनी कळवले होते, आणि तिथेही निकाल विमेदाराच्या बाजूने लागला.

या तिन्ही प्रकरणांत एक गोष्ट सारखी होती. पोलिसांकडे विमेदार ताबडतोब गेले होते. कंपनीला उशीर झाला तर न्यायालय समजून घेते, पोलिसांना उशीर झाला तर फारसे समजून घेत नाही. म्हणून तो शिक्का महत्त्वाचा. तो नसता तर मी तुम्हाला खर्चात पडू नका असेच लिहिले असते. ही सगळी प्रकरणे मोटार वाहनांची आहेत आणि तुमची पॉलिसी घराची, त्यामुळे कंपनी तो फरक दाखवू पाहील. माझ्या मते तत्त्व तेच लागू होते. पण सायकलीच्या चोरीवर हाच मुद्दा थेट ठरला आहे असे मी म्हणणार नाही.

आता जरा स्पष्ट बोलतो. 11 ते 22 मार्च तुम्ही काय करत होतात? तुम्हीच लिहिले आहे की बुधवारी आणि रविवारी जुन्या बाजारात फिरलात, सायकलिंगच्या ग्रुपांवर फोटो टाकलेत आणि हवालदारांनी "चौकशी करून कळवतो" म्हटल्यावर वाट पाहिलीत. ठाण्यात एफआयआर घेत नसतील तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार वरिष्ठांकडे, पुण्यात पोलीस उपायुक्तांकडे, टपालाने तक्रार पाठवता येते आणि तिथेही काही झाले नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. एक रजिस्टर्ड पत्र टाकले असते तर आज कंपनीला हे कारण देताच आले नसते. आणि कंपनीला 28 तारखेपर्यंत कळवले नाही, कारण "एफआयआरची प्रत हातात आल्याशिवाय क्लेम करता येत नाही असे वाटले." या एका समजुतीने किती दावे बुडाले आहेत, हे माझ्या टेबलावरच्या फाइली सांगतील. क्लेम नोंदवायला एफआयआर लागत नाही. चोरी झाली, तपशील मागाहून पाठवतो, एवढा दोन ओळींचा ई-मेल त्याच दिवशी पुरतो. एफआयआरची प्रत नंतर जोडता येते, आणि ती फिर्यादीला विनामूल्य मिळाली पाहिजे.

तुमच्या प्रकरणात दोन दुखरी ठिकाणे आहेत. एक म्हणजे 10 मार्चला तुम्ही पोलिसांच्या संकेतस्थळावर केलेली हरवलेल्या वस्तूची नोंद. ती एफआयआर नव्हे, आणि चोरीसाठी ती सोय नाहीच. त्या कागदावर "हरवली" हा शब्द आहे. सायकल हरवली असेल तर चोरीचा विमा कशाला द्यायचा, असे कंपनी म्हणू शकते. हा कागद दडवू नका. घाईत चुकीचा पर्याय निवडला आणि दुसऱ्याच दिवशी चोरीचा अर्ज दिला, हे तारखांसह सरळ लिहा. उलट चोरी तुम्ही पहिल्याच दिवशी लक्षात आणून दिलीत, हे त्यातून दिसते.

दुसरे एफआयआरचेच. त्यात सायकलीचे वर्णन एका ओळीत उरकले आहे: "एक काळ्या रंगाची सायकल जु.वा.किं.अं. 15,000/-". फ्रेम नंबर (सांगाड्यावर कोरलेला क्रमांक) नाही, बनवणाऱ्या कंपनीचे नाव नाही. सायकलीला आरसी बुक नसते. गेलेली सायकल तुमचीच होती हे सांगणारी गोष्ट म्हणजे बिलावरचा फ्रेम नंबर, आणि तोच नेमका एफआयआरमध्ये नाही. जुनी वापरती किंमत अंदाजे इतकी कमी धरण्याची ठाण्यांची सवय जुनी आहे. (5,000 च्या आत धरली तर नव्या भारतीय न्याय संहितेत ती चोरी अदखलपात्रच होते, म्हणून वाचकांनो, एफआयआरवर सही करण्याआधी तो आकडा बघा.) दाव्याची रक्कम एफआयआरमधल्या अंदाजावर ठरत नाही, ती विमा रकमेवर आणि पॉलिसीतल्या घसाऱ्याच्या अटीवर ठरते. तरी कंपनीच्या हातात हत्यार का द्यायचे? तपास अधिकाऱ्यांकडे बिल घेऊन जा आणि पुरवणी जबाब द्या. फ्रेम नंबर, मेक, मॉडेल, खरेदीची तारीख, किंमत हे सगळे त्यात आले पाहिजे. कुलूपही आले पाहिजे.

कुलपाबद्दल एफआयआर गप्प आहे, आणि तुमच्या पॉलिसीत कुलूप न लावता सोडलेल्या सायकलीला संरक्षण नाही. नशिबाने तुमच्या शेजाऱ्यांनी 10 तारखेला सकाळी काढलेला फोटो आहे. फरशीवर पडलेली केबल, तिची दोन्ही टोके चकाकणारी, एकाच कटात तुटलेली, मागे दुचाकीचे चाक. वॉचमननी नंतर ते तुकडे झाडून टाकले, त्यामुळे तो फोटोच काय तो पुरावा. ग्रुपवर फॉरवर्ड झालेली प्रत उपयोगाची नाही. शेजाऱ्यांच्या फोनमधली मूळ फाइल घ्या आणि भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालचे प्रमाणपत्र त्यांच्या आणि तज्ज्ञाच्या सहीने तयार ठेवा.

एक सावधगिरी. तुम्ही भरलेल्या क्लेम फॉर्मवर "घरफोडी" आणि "सायकल" या दोन्ही विभागांवर खूण केलेली दिसते. घरफोडी सोडून द्या. बळाचा वापर करून आत शिरल्याशिवाय घरफोडीचा विमा लागू होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये हरचंद राय प्रकरणात सांगितले आहे. उघड्या पार्किंगमध्ये कुलूप कापणे त्यात बसवणे अवघड. तुमचा हक्क सायकलीच्या विभागातून येतो, तेवढाच धरा. पार्किंग हे पॉलिसीच्या अर्थाने तुमचे आवार होते का, हा वाद त्याही विभागात निघू शकतो. पॉलिसीची चारच पाने तुम्ही पाठवलीत, तेव्हा त्यावर आज मत देत नाही. पूर्ण पुस्तिका काढून वाचा.

पुढची वाट अशी. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यांना लेखी फेरविचाराची मागणी करा, सोबत शिक्क्याची प्रत आणि उशिरा कळवण्याबाबतचे वरचे तीन निकाल. महिन्याभरात उत्तर आले नाही किंवा पुन्हा नकार आला, तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जा. पुण्यात कार्यालय आहे, फी नाही, आणि तिथे वकील चालत नाही, तुम्हीच उभे राहायचे. मुदत एक वर्षाची. लोकपालांचा निवाडा कंपनीला तीस दिवसांत पाळावा लागतो.

ग्राहक आयोगाचा रस्ताही खुला आहे. दोन वर्षांची मुदत आणि 5 लाखांपर्यंत फी शून्य. कायद्यात तीन महिन्यांत निकाल द्या असे लिहिले आहे. मी त्या पायऱ्या वर्षानुवर्षे चढतो आहे आणि विम्याच्या साध्या तक्रारीही तारखांवर तारखा खात पडून राहिलेल्या पाहतो. लोक थकून निम्म्या रकमेवर तडजोड करतात, याचा मला राग येतो. म्हणून आधी लोकपाल. एकाच वेळी दोन्हीकडे जाता येत नाही, हे ध्यानात ठेवा. तिथे अपयश आले तर आयोग आहेच.

कंपनी "अ समरी" मागेल, म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही असा न्यायालयाने मंजूर केलेला अहवाल. त्याला वेळ लागतो. त्यासाठी फेरविचाराचा अर्ज थांबवू नका.

आणि या आठवड्यात एक काम नक्की करा. 10 रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून पोलीस ठाण्याच्या माहिती अधिकाऱ्यांकडे अर्ज टाका: 11 मार्चच्या आवक नोंदवहीतील अमुक क्रमांकाच्या नोंदीची साक्षांकित प्रत मिळावी. तीस दिवसांत ती मिळायला हवी. तुमच्या झेरॉक्सवरचा शिक्का उद्या कुणी नाकारला, तर ठाण्याचीच नोंद समोर ठेवता येईल. तोवर ती झेरॉक्स प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवा, लॅमिनेट करू नका. शिक्क्याची शाई खरी आहे का, हे तपासायची वेळ आली तर मूळ कागद उघडा असला पाहिजे.