कर्नलमधला (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातला) बग डेटा चोरीचा नसून फक्त डिनायल ऑफ सर्व्हिसचा (मशीन बंद पाडणारा) असेल, तर पॅचला (दुरुस्तीच्या अपडेटला) थोडं थांबलं तर चालतं का?

डेटा जात नाही, कोणी आत शिरत नाही, मग पुढच्या मेन्टेनन्सपर्यंत थांबलं तर काय बिघडलं, असं तुम्ही लिहिलंय. डिट्टो हेच मी २०१९ च्या जूनमध्ये आमच्या साहेबांच्या तोंडून ऐकलंय, म्हणून लिहायला बसलो.

तेव्हा पुण्यात एका कंपनीत सर्व्हर सांभाळायचो, अ‍ॅडमिशनचे ऑनलाइन फॉर्म, ऐन सीझन. १७ जूनला लिनक्स कर्नलमधला सॅक पॅनिक नावाचा बग जाहीर झाला (नोंद क्रमांक सीव्हीई-२०१९-११४७७, शोधलं नेटफ्लिक्सच्या जोनाथन लूनीने). लिनक्स २.६.२९ पासून पुढचे कर्नल, म्हणजे आमचे झाडून सगळे. लॉगिन नको, पासवर्ड नको. हल्ला करणाऱ्याने एमएसएस (एका पॅकेटात जास्तीत जास्त किती बाइट चालतील तो आकडा) ४८ सांगायचा, त्यातून टीसीपीचे (इंटरनेटवर डेटा पोचवणाऱ्या प्रोटोकॉलचे) ऑप्शन्स गेले की डेटाला उरतात ८ बाइट, आणि मग ठरावीक क्रमाने सॅक (कुठला डेटा पोचला त्याची पोच) सोडत राहायचं. कर्नल ते बारके तुकडे एका बफरात गोळा करतो, त्यात १७ फ्रॅगमेंट, प्रत्येकी ३२ केबी, ८ बाइटने भागून करा हिशोब, ६९,६३२ तुकडे होतात आणि मोजणारा काउंटर १६ बिटचा, ६५,५३५ ला संपतो. काउंटर उलटला की कर्नलमधलाच बग_ऑन चेक (असं कधी होऊच नये, हे तपासणारा) बोंबलतो आणि पॅनिक, म्हणजे कर्नल जागीच थांबतो. मशीन स्लो वगैरे नाही, थेट आडवं. त्यात कर्नल.पॅनिक ही सेटिंग शून्यावर असेल तर स्वतःहून रीबूटपण होत नाही, बसा डेटा सेंटरला फोन करत.

साहेबांना अपटाइमचं भारी कौतुक, त्यामुळे रीबूट म्हटलं की कपाळाला आठ्या. टीममधल्या एकाने टीसीपी_सॅक ही सेटिंग शून्य करून, म्हणजे सॅक बंदच करून, 'फिक्स झालं' असा मेल टाकला. अरे बाबा, सॅक बंद केलं की एक पॅकेट हरवल्यावर पुढचं काय काय पोचलंय ते पाठवणाऱ्याला नीट कळत नाही, तो पोचलेलंच परत पाठवत बसतो. आमची पोरं गावाकडून एका काडीच्या रेंजवर मार्कशीट अपलोड करणारी, त्यांचं अपलोड लटकायला लागलं आणि शिव्या सपोर्टवाल्या मुलींना. शेवटी मी सॅक परत चालू केलं, ५०० च्या खालचा एमएसएस सांगणारी कनेक्शनं आयपीटेबल्समध्ये (लिनक्सची फायरवॉल) ड्रॉप केली, आणि रात्री लोड बॅलन्सरमागची (तो येणारं काम मशीनींत वाटतो) एकेक मशीन काढून नवीन कर्नल टाकून रीबूट केली. तरी सकाळी प्रश्न आलाच, "यम अपडेट केलं होतं ना, मग रीबूट कशाला?" (यम म्हणजे सॉफ्टवेअर अपडेट करणारी कमांड.) युनेम -आर (चालू कर्नल कुठला ते दाखवणारी कमांड) मारून बघायचे कष्ट कोण घेणार! रीबूट होईपर्यंत जुनाच कर्नल चालू होता की.

तुमचं म्हणाल तर, नेटवर्कवरून विना-लॉगिन पाडता येत असेल तर थांबू नका, लाइव्ह पॅच (रीबूट न करता लागणारा) मिळत असेल तर सोन्याहून पिवळं. हां, लोकल बग (मशीनवर आधीच लॉगिन असलेल्यालाच वापरता येणारा) असेल आणि मशीनवर तुम्ही एकटेच असाल तर निवांत घ्या. पण कंटेनर (एकाच मशीनवरचे वेगवेगळे कप्पे) भाड्याने देत असाल तर लोकललाही निवांत नाही, खाली कर्नल एकच असतो, एकाने पाडला की सगळे गेले. आणि आज क्रॅश म्हणून नोंदलेल्या मेमरीच्या बगमधून उद्या कोणी रूट (मशीनचा पूर्ण ताबा) मिळवलं असंही होतं.

साहेब नंतर चहाच्या टपरीवर म्हणाले, बघ, कोणी हल्ला केलाच नाही. नाही केला, मान्य. पण ४४३ पोर्ट (वेबसाइटचा दरवाजा) अख्ख्या जगाला उघडा होता, आणि शेवटच्या दिवशी साइट पडली असती तर पोरांच्या आईबापांचे फोन घ्यायला साहेब बसणार होते का, ते त्यांनी आजतागायत सांगितलेलं नाही.