बेळगावात घरच्या 100 लिटरच्या माशांच्या टाकीसाठी नजरेत भरणारा, वेगळा प्राणी कोणता?

मी तर बांबू श्रिंपच सांगेन. बोटाएवढी कोळंबी, पण नांग्यांऐवजी पंखे! फिल्टरच्या धारेसमोर लाकडावर बसून ती पंखे उघडते, पाण्यातले कण गाळते आणि एकेक पंखा मिटून तोंडाला पुसते. तासन्‌तास बघत बसावं असं! स्वभावाने अगदी गरीब, म्हणून सिक्लिडसारखे भांडखोर मासे सोबत नकोत. टेट्रा, रासबोरा असे छोटे शांत मासे चालतील. टाकी मात्र काही महिने चालू राहून मुरलेली हवी. ती तळाची वाळू पंख्यांनी चाचपायला लागली की समजा, उपाशी आहे; स्पिरुलिना या शेवाळाची बारीक पूड धारेत सोडा. राकसकोप जलाशयातून येणारं नळाचं पाणी क्लोरीन घालवूनच भरा, तांबं असलेली औषधं अजिबात नकोत. आणि आपल्याकडची डिसेंबरची थंडी बघता हिटर 25 अंशांवर ठेवाच.