स्पीकर बदलले म्हणून गाडीची सगळी वॉरंटी जाते का?

प्रश्न : मी सांगलीत राहतो. दीड वर्षापूर्वी ७ लाख ६० हजारांना नवी हॅचबॅक घेतली, वॉरंटी तीन वर्षांची. बेस मॉडेल असल्याने पुढे दोनच स्पीकर होते आणि तेही फाटक्या आवाजाचे. बजेट कमी, म्हणून ॲक्सेसरीजच्या दुकानात चारही दारांत नवे स्पीकर बसवून घेतले. मजुरीसह ७,२०० रुपये झाले. स्टीरिओ कंपनीचाच ठेवला. पैसे यूपीआयने दिले, बिल मिळालं नाही. चार महिन्यांनी पुढच्या डाव्या दाराची काच चालेना. गेल्या आठवड्यात पॉवर स्टीअरिंगचा दिवा लागला आणि स्टीअरिंग जड झालं. सर्व्हिस सेंटरने दार उघडून कापलेली वायर दाखवली आणि ‘बाहेरचं काम झालंय, सगळी वॉरंटी गेली, आरटीओचा नियमही मोडलात’ असं सांगितलं. काचेचा खर्च ६,९०० आणि स्टीअरिंगचा ३१,००० सांगतात. दुकानदार हात वर करतो. काय करू?

उत्तर : ‘सगळी वॉरंटी गेली’ हे तुम्हाला तोंडी सांगितलंय, कुणी लिहून दिलेलं नाही. ते आधी लिहून घ्या. तोपर्यंत गाडीचा एकही भाग बदलू देऊ नका आणि स्टीअरिंग जड असताना ती चालवूही नका.

वॉरंटीची पुस्तिका काढून ‘काय समाविष्ट नाही’ ते पान वाचा. बहुतेक पुस्तिकांत बाहेरच्या कामातून उद्भवलेलं नुकसान वगळलेलं असतं, पुढचा प्रत्येक बिघाड नव्हे. तुमच्या पुस्तिकेत सरसकट सगळी वॉरंटी रद्द करणारं कलम असेल, तर ते अन्यायकारक करार म्हणून आव्हान देता येतं. मात्र तो वाद जिल्हा ग्राहक आयोगात चालत नाही, त्यासाठी राज्य ग्राहक आयोगात जावं लागतं.

आता काच आणि स्टीअरिंग हे दोन विषय वेगळे करा. सर्व्हिस सेंटरने ते एकत्र बांधलेत, आणि तुमचं खरं नुकसान तिथेच होतंय.

काचेबाबत कंपनीविरुद्ध तुमची बाजू कमकुवत आहे, हे स्पष्ट सांगतो. दारात जाणाऱ्या वायरी खांबाजवळच्या रबरी नळीतून एकत्रच येतात, स्पीकरच्याही आणि काचेच्या मोटरच्याही. कंपनीच्या सॉकेटला जुळणारा कपलर बाजारात काही शे रुपयांना मिळतो. तो लावला की मूळ वायरीला कात्री लागत नाही. तुमच्याकडे सॉकेट कापून वायरी पिळल्या आणि वर काळी टेप गुंडाळली, असं तुम्ही पाठवलेल्या फोटोत दिसतंय. दाराच्या आतल्या पॅडमागचा प्लास्टिकचा कागदही एका कोपऱ्यात सुटलेला आहे. काचेच्या फटीतून दारात उतरणारं पावसाचं पाणी तोच कागद आत येऊ देत नाही. हे काम दुकानदाराचं, त्यामुळे काचेची भरपाई त्याच्याकडे मागा.

स्टीअरिंगचं तसं नाही. स्पीकरची वायर स्टीरिओतून निघते. पॉवर स्टीअरिंगच्या मोटरला वेगळ्या फ्यूजमधून बॅटरीचा पुरवठा असतो. तुम्ही ॲम्प्लिफायर लावलेला नाही, बॅटरीवरून नवी वायर ओढलेली नाही. तरीही दारातल्या जोडामुळे स्टीअरिंग बिघडलं असं कंपनीचं म्हणणं असेल, तर ते कसं हे तिने दाखवायचं. वॉरंटीतला अपवाद जो पुढे करतो, तो लागू होतो हे सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर असतो.

सर्व्हिस सेंटर आणि कंपनीचा ग्राहक विभाग, दोघांना एकच ईमेल पाठवा: ‘जॉबकार्ड क्रमांक अमुक. स्टीअरिंगची दुरुस्ती वॉरंटीत नाकारण्याचं कारण, पुस्तिकेतील संबंधित कलम आणि स्कॅनरवर आलेल्या फॉल्ट कोडची प्रत सात दिवसांत लेखी द्यावी. स्पीकरच्या कामाचा या बिघाडाशी संबंध कोणत्या तपासणीतून ठरवला, तेही कळवावं.’ याच टप्प्यावर पुष्कळ सर्व्हिस सेंटरची भाषा बदलते, कारण तोंडी बोलणं सोपं असतं आणि तांत्रिक कारण सहीनिशी देणं अवघड. जमल्यास त्याच कंपनीच्या दुसऱ्या अधिकृत केंद्राचंही लेखी मत घ्या.

आरटीओचं मनावर घेऊ नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. मूळ जागीच बसवलेल्या स्पीकरमुळे आरसीवरचा कुठलाही तपशील बदलत नाही.

दुकानदाराने बिल दिलं नाही म्हणून तो सुटत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(४७) नुसार बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा आहे. यूपीआयची नोंद, व्हॉट्सॲपवर ठरलेला भाव, स्पीकरचे खोके, दाराच्या आतले फोटो हे सगळं जपा. चॅट मूळ फोनमध्येच राहू द्या, कारण नुसत्या स्क्रीनशॉटवर हरकत येऊ शकते. डिजिटल पुराव्यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र सोबत जोडा.

यानंतर पंधरा दिवसांची नोटीस स्पीड पोस्टाने पाठवा. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवा. तरी हललं नाही तर सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करा. तुम्ही तिथे राहता, एवढं अधिकारक्षेत्रासाठी पुरेसं आहे, कंपनीचं मुख्यालय कुठेही असो. उत्पादक, सर्व्हिस सेंटर आणि दुकानदार या तिघांनाही सामनेवाले करा. एकट्याला ओढलंत तर तो हजर नसलेल्यावर ढकलून मोकळा होईल.

तक्रारीची फी वादाच्या रकमेवर नाही, वस्तूसाठी तुम्ही मोजलेल्या किमतीवर ठरते. ७ लाख ६० हजारांच्या गाडीसाठी ती २०० रुपये आहे. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची. वकील सक्तीचा नाही आणि इतक्या छोट्या प्रकरणात तो न केलेलाच बरा. तक्रार ऑनलाइनही भरता येते. दोष ठरवायला तांत्रिक तपासणी लागेल असं आयोगाला वाटलं तर गाडी तपासायला पाठवता येते, त्याची फी मात्र आधी तुम्हाला भरावी लागते. कायद्यात निकालाला तीन महिने आणि तपासणी लागली तर पाच महिने दिलेत. प्रत्यक्षात याहून जास्त वेळ धरून चाला.

मागणी माफक ठेवा: कंपनीकडून स्टीअरिंगची मोफत दुरुस्ती, दुकानदाराकडून काचेचा खर्च आणि वायरिंग पूर्ववत करण्याचा खर्च, वर मानसिक त्रास व तक्रारीचा खर्च. दोन-पाच लाखांच्या आकड्याने खरी तक्रारही अविश्वसनीय वाटते.

गाडीवाचून अगदीच अडत असेल तर ‘हरकत राखून’ असं बिलावर लिहूनच पैसे भरा आणि काढलेला जुना भाग मागून घ्या. गाडी सोडताना ‘कामाबद्दल समाधानी आहे’ अशी स्लिप पुढे करतात. तिच्यावर नुसती सही करू नका, सहीच्या वर ‘वॉरंटीचा वाद कायम’ हे तीन शब्द स्वतःच्या हाताने लिहा.