तीन सर्व्हर आहेत, कुठे काय बसवू?

प्रश्न: आमची पतसंस्था आहे, पाच शाखा, 40 च्या आसपास कॉम्प्युटर. 64 जीबी रॅमचे दोन नवीन सर्व्हर घेतलेत, 16 जीबीचा एक जुना पडून आहे. डोमेन, एसक्यूएल सर्व्हर, शाखांचं सॉफ्टवेअर, फाइल शेअर आणि मेल, सगळं चालवायचंय. व्हेंडर म्हणतो सगळं एकावरच टाका, दुसरा स्पेअर ठेवा. बरोबर आहे का?
– एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर: नाही हो, असं अजिबात करू नका. एसक्यूएल सर्व्हर म्हणजे डेटाबेस, त्याला मर्यादा घातली नाही तर तो जमेल तेवढी रॅम खात जातो, शेजारी बसलेलं सॉफ्टवेअर मग रडायला लागतं आणि शाखेतून फोन येतात की पासबुक प्रिंट होत नाही. शिवाय तो डोमेन कंट्रोलरवर, म्हणजे सगळ्यांचं लॉगिन तपासणाऱ्या सर्व्हरवर, टाकू नका असं खुद्द मायक्रोसॉफ्टच सांगतं.

दोन्ही नव्या मशीनवर हायपर-व्ही टाका, म्हणजे एकाच मशीनमध्ये अनेक वेगळे सर्व्हर (व्हर्च्युअल मशीन, व्हीएम) चालवता येतात. विंडोज सर्व्हर स्टँडर्डच्या लायसनमध्ये, मशीनचे सगळे कोर धरले आणि खाली फक्त हायपर-व्हीच ठेवलं, तर दोन व्हर्च्युअल मशीन चालतात, म्हणजे तुमचं गणित बरोबर बसतं. पहिल्यावर एसक्यूएल आणि एक डोमेन कंट्रोलर, दुसऱ्यावर दुसरा डोमेन कंट्रोलर आणि शाखांचं सॉफ्टवेअर, फाइल शेअरही तिथेच. दोन्ही कंट्रोलर एकाच लोखंडावर ठेवलेत तर दोन असून उपयोग काय? एसक्यूएलच्या व्हीएमला 40 जीबी द्या आणि त्यातले 34 च त्याला वापरू द्या, ती सेटिंग मॅक्स सर्व्हर मेमरी नावाने आहे, ती बहुतेक ठिकाणी कुणी उघडूनही बघत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

जुना सर्व्हर फक्त बॅकअपला, आणि तो डोमेनमध्ये घेऊ नका, म्हणजे रॅन्समवेअरच्या हाती डोमेन ॲडमिनचा पासवर्ड लागला तरी त्याच पासवर्डने बॅकअप उघडणार नाही. लॉग बॅकअप, म्हणजे डेटाबेसमधल्या ताज्या बदलांचा बॅकअप, दर 15 मिनिटांनी तिकडे जाऊ द्या.

मेल मात्र घरात नको. मायक्रोसॉफ्टचा मेल सर्व्हर एक्स्चेंज, त्याच्या 2016 आणि 2019 दोन्हींचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, आणि 2019 ला तर मायक्रोसॉफ्ट 128 जीबी रॅम सुचवायचं, ती तुमच्या दोन्ही नव्या मशीनची मिळून होते, त्यामुळे मेलबॉक्स बाहेरच भाड्याने घ्या.

आणि रॅमचं हे वाटप कायमचं धरू नका, 31 मार्चच्या क्लोजिंगला विंडोजमधला परफॉर्मन्स मॉनिटर चालू ठेवा आणि जे आकडे दिसतील त्यावरून बदला.